सत्तेचाळीस पानांचे मार्क

— कॅप्चा पुन्हा चुकला.

— सव्वीस वर्षं. समाधानकारक.

— खिचडी. थंडी झाली.

— तीन तास, आणि फक्त रोल नंबर.

— बेशरमचं पान लवकर सुकते.

— चार्जर कोणत्या खोलीत आहे?

— दाराले टेका लावायले.

(हुडको वसाहत, भिलाई. दुपारचे पावणेचार. पुढच्या खोलीत पलंगावर वसुंधरा. पलंगाला लागून टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि एक जाड फाईल. लॅपटॉपसमोर मुलगी प्रांजली, बाजूला खुर्ची ओढून वडील दयाराम.)

दयाराम : हे शून्य आहे का ओ आहे?

प्रांजली : ओ. पापा, तुम्ही राहू द्या, मी टाकते.

दयाराम : टाक. पाच वाजता लिंक बंद होईन.

प्रांजली : माहीत आहे.

दयाराम : दहा दिवसापासून माहीत आहे तुले. अन् शेवटच्या दिवशी फॉर्म भरून राहिली. आमच्या टाइम ऑफिसात मी असं केलं असतं तर लोकायचा पगार नसता निघाला.

प्रांजली : झालं लॉगिन.

दयाराम : मोठ्यानं वाच. मम्मीले बी ऐकू दे.

प्रांजली : प्रांजली दयाराम निखाडे. माता का नाम, वसुंधरा निखाडे. बी.एस्सी., बॉटनी, शेवटचं सेमिस्टर. मूल्यांकन का विकल्प चुनिए. विकल्प अ, लेखी परीक्षा, शंभर मार्क. विकल्प ब, सत्रकार्य. वर्षभराच्या फाईलचे साठ, व्हायव्हाचे चाळीस.

दयाराम : दोन्ही नाही देता येत?

प्रांजली : एकच. लॉक केलं की बदलत नाही.

दयाराम : मग यात विचार करण्यासारखं काय आहे? ब वर दाब. फाईल तयार आहे. साठातले पंचावन्न तर बसल्या जागी आले. दाब ना बेटा.

वसुंधरा : खिचडी. थंडी झाली.

दयाराम : खाईन ते. पाच मिनिटं थांब, वसू. तुह्या गोळीची वेळ झाली का?

वसुंधरा : साडेचार.

दयाराम : पाह्य, घड्याळ बराबर सांगते. काल फिजिओवाला काय म्हणे, सांग तिले.

वसुंधरा : बोलणं. सत्तर टक्के आलं.

दयाराम : अन् हात?

वसुंधरा : हात नापास.

दयाराम : असं नाही म्हटलं त्यानं. तो म्हणे, उजव्या हाताले वेळ लागन. तोवर डाव्यानं पाटीवर लिहत जा म्हणे, रोज.

वसुंधरा : डाव्यानं नाही जमत. कोंबडी चालल्यासारखं. दिसते.

प्रांजली : पापा, मी अ भरून राहिली.

दयाराम : काय?

प्रांजली : लेखी.

दयाराम : लेखी. डिसेंबरात लेखीच होती ना? काय लिहून आली होती?

प्रांजली : रोल नंबर.

दयाराम : तीन तास बसून रोल नंबर. सरांनी मले बोलावून पेपर दाखवला. कोरा. मले वाटलं दुसऱ्या कोणाचा आहे.

प्रांजली : माझाच होता.

दयाराम : मी रागानं नाही म्हणून राहिलो. मम्मी दवाखान्यात होती, अठरावाच दिवस होता. कोणाचंही झालं असतं. म्हणूनच म्हणतो, ब घे. परीक्षेत एक दिवस बिघडला की साल गेलं. फाईलीत वर्षभराचं काम पाहतात. एक दिवस माणूस आडवा पडला तर बाकीचे दिवस त्याले उचलून धरतात.

प्रांजली : तुम्हाले कोणं उचललं?

दयाराम : मतलब?

प्रांजली : तुम्हीच सांगता ना. तुमचं बी वर्षभराचंच पाहत होते. साहेब लिहत होते.

दयाराम : सी.आर. हाव, गोपनीय रिपोर्ट लिहत होते. सव्वीस वर्षं. समाधानकारक. दरवर्षी तोच शब्द.

प्रांजली : मग?

दयाराम : मग काय. एक साहेब आला, त्यानं तरी काही वेगळं लिहावं म्हणून त्या वर्षी मी एक दिवस सुटी नाही घेतली. त्यानं मागच्याची नक्कल मारली.

वसुंधरा : डिपार्टमेंटल. सांगा.

दयाराम : ते कायले आता?

वसुंधरा : सांगा ना.

दयाराम : प्रमोशनची डिपार्टमेंटल परीक्षा होती. एकदा बसलो. दोन मार्कानं राहिलो. पुन्हा नाही बसलो.

प्रांजली : म्हणजे दोन्हीत काही नाही झालं.

दयाराम : नोकरी झाली ना. घर चाललं. पण तुले तर फाईल हातात आहे. लिहलेली. मले त्यातलं काही समजत नाही, मी कधी उघडून बी नाही पाहिली. पण केवढी जाड आहे, ते तर दिसते.

प्रांजली : ती माझी नाही.

दयाराम : नाव तर तुह्यं आहे वर.

प्रांजली : नाव माझं आहे. अक्षर मम्मीचं आहे. पहिल्या पानापासून. तुम्हाले खरंच नव्हतं माहीत?

दयाराम : मी समजत होतो समास पाडून देत असन. चित्रं रंगवून देत असन.

प्रांजली : पानं बी तिनंच दाबली. गादीखाली, पेपरात. तुम्ही त्यावर झोपत होते. सगळ्यांच्या मम्मीच लिहतात, पापा. टीनाची तिच्या वहिनीनं लिहली. एका जणीची तर आजीनं, तिचं कडुनिंबाचं पान हळदीत बुडवून चिपकवलं आहे, कीड नको लागायले म्हणून. सर दिसायले सुंदर फाईल असली की पंचावन्न देतात. आत नाही पाहत.

वसुंधरा : मी. आत बी. बराबर लिहलं.

प्रांजली : हाव मम्मी. तू बराबर लिहलं.

दयाराम : बरं. सगळ्यांचं तसंच आहे ना? मग देऊन टाक. तू एकटी कायले हरिश्चंद्र बनून राहिली?

प्रांजली : खाली काय लिहलं आहे वाचू? मैं घोषणा करती हूँ कि यह कार्य मेरा स्वयं का है. यावर टिक करा लागते.

दयाराम : घोषणा. मी रोज दोनशे माणसायच्या हजेरीखाली सही केली, मी स्वतः तपासलं म्हणून. मी कुठी गेलो होतो फर्नेसवर त्यायले पाहायले? टिक करा लागते म्हणून करतात लोकं.

प्रांजली : करीन टिक. त्याचं काही नाही. त्याच्या खालचं वाचा.

दयाराम : तूच वाच. चष्मा नाही माह्याजवळ.

प्रांजली : जमा की गई फाइल वापस नहीं की जाएगी. मागच्या वर्षीच्या फाईली पाहिल्या मी. लॅबच्या बाथरूमचं दार वाजते ना हवेनं, तिथं ठेवल्या आहेत. दाराले टेका लावायले. ओल्या.

दयाराम : झेरॉक्स काढून ठेवू.

प्रांजली : पानं चिपकवली आहेत. पानाची काय झेरॉक्स काढता.

वसुंधरा : दे.

प्रांजली : काय मम्मी?

वसुंधरा : फाईल. जमा कर.

प्रांजली : परत नाही मिळणार ती.

वसुंधरा : नको परत. मार्क पाहिजे. मले.

दयाराम : तुले?

वसुंधरा : बी.ए. सेकंड इयर. पुलगावले. फॉर्म भरला होता. हॉल तिकीट आलं. मग तुमच्या घरचे आले. पाहायले.

दयाराम : मले कोणी सांगितलं नव्हतं परीक्षा आहे म्हणून.

वसुंधरा : मी बी नाही सांगितलं. हॉल तिकीट आहे. अजून. माह्या अक्षराले कोणी मार्क. नाही दिले.

प्रांजली : तुझ्या अक्षराले पंचावन्न मिळाले तर माझ्या नावावर मिळतीन.

वसुंधरा : माता का नाम. असते ना. मार्कशीटवर.

दयाराम : घे. आता तर मम्मीच म्हणून राहिली. ब दाब अन् मोकळी हो.

प्रांजली : फाईल पुरी नाही आहे, पापा.

दयाराम : आता पुरी नाही आहे?

प्रांजली : साठ पानं पाहिजे. सत्तेचाळीस आहेत. सत्तेचाळिसावं अर्धं आहे.

दयाराम : तेरा पानं तू लिही. महिना आहे अजून.

प्रांजली : नोव्हेंबरपासून प्रयत्न करून राहिली. उघडते, बंद करते. सत्तेचाळिसाव्या पानावर रेघ आहे. पेन घसरल्याची. चित्रातून निघते, खाली जाते, पानाच्या बाहेर. ते पान फाडल्याशिवाय फाईल नाही देता येत. अन् मी नाही फाडत.

दयाराम : मी फाडतो, दे इकडं.

प्रांजली : हात नका लावू. सॉरी. मले काही वाटतच नाही आजकाल. पास झाली तरी नाही, फेल झाली तरी नाही. डिसेंबरात पेपर समोर होता, प्रश्न वाचले, येत होते. हात नाही उचलला. रडू बी नाही आलं. आता फक्त एवढंच वाटते का ती फाईल या घरातून जाऊ नये. दुसरं काही नाही.

दयाराम : अन् लेखीत पुन्हा कोरा ठेवला तर?

प्रांजली : तर कोरा.

दयाराम : साल जाईन.

प्रांजली : जाईन.

दयाराम : बी.एड.चा फॉर्म भरायचा होता तुले.

प्रांजली : हाव. मले माहीत आहे, पापा. मी अ दाबला. ओटीपी गेला.

दयाराम : माह्या फोनवर तर नाही आला.

प्रांजली : शेवटी आठ आठ आहे तो नंबर.

दयाराम : तो तर वसूचा.

प्रांजली : ॲडमिशनचा फॉर्म मम्मीनंच भरला होता ना. तिनं स्वतःचा नंबर टाकला.

दयाराम : फोन कपाटात आहे. बंद. चार्जर कोणत्या खोलीत आहे?

प्रांजली : इथंच आहे, टीव्हीमागं. पण सिम चालू असन का? चार-पाच महिने झाले.

दयाराम : चालू आहे. मी रिचार्ज मारून राहिलो.

प्रांजली : बंद फोनवर?

दयाराम : हाव. घे, लाव.

प्रांजली : लावला.

दयाराम : झाला?

प्रांजली : दोन टक्के. मेसेज येऊन राहिले, एकामागं एक. गॅस बुकिंग झाल्याचा. बावीस नोव्हेंबरचा. टेलरचा, ब्लाऊज तयार आहे.

वसुंधरा : हिरवा.

प्रांजली : हाव, हिरवा लिहलं आहे. ओटीपी बी आला. पण दहा मिनिटं होऊन गेले असतीन. पुन्हा पाठवते.

वसुंधरा : फोन. इकडं दे.

दयाराम : तुले कायले? ती पाहते ना.

वसुंधरा : माहा फोन आहे. दे. डाव्या हातात.

प्रांजली : घे.

वसुंधरा : आला. सहा आकडे.

प्रांजली : सांग.

वसुंधरा : अ का ब?

प्रांजली : अ.

वसुंधरा : नाही सांगत.

दयाराम : वसू, सव्वाचार झाले.

वसुंधरा : होऊ द्या. त्या दिवसाचं. बोल अगोदर.

प्रांजली : कोणत्या दिवसाचं?

वसुंधरा : तुले माहीत आहे.

दयाराम : काय आहे? मले सांगन का कोणी?

प्रांजली : मम्मीनं आवाज दिला होता, पापा. एकवीस तारखेले, लकवा आला तेव्हा. मी आतल्या खोलीत होती. तुम्हाले मी सांगितलं होतं, कानात इयरफोन होते, ऐकू नाही आलं. दवाखान्यात डॉक्टरले बी तेच सांगितलं.

दयाराम : होते ना इयरफोन?

प्रांजली : होते. गाणं बंद होतं. मी म्हटलं, दो मिनट मम्मी. मनातच म्हटलं. चाळीस मिनिटांनी उठली.

वसुंधरा : पाणी मागत होती. मी.

प्रांजली : हाव.

वसुंधरा : आता मिळते. पाणी. टायमावर.

प्रांजली : मले एक सांग मम्मी. त्या दिवशी सकाळपासून तुझं डोकं दुखत होतं. तू म्हणाली होती, आज नाही लिहत, जेवून आडवी होते. मग कावून बसली लिहायले?

वसुंधरा : पान होतं. ताजं.

प्रांजली : तर?

वसुंधरा : बेशरमचं. लवकर सुकते. ताजं असतानी. चित्र काढा लागते.

प्रांजली : पण ते आलं कुठून? मी नव्हतं आणलं. तू तर दोन दिवस घराबाहेर नव्हती निघाली.

वसुंधरा : आलं. कुठून तरी.

दयाराम : ओटीपीचं पाह्य. टाइम संपून राहिला.

वसुंधरा : संपू द्या. मी एक मागते.

प्रांजली : काय?

वसुंधरा : फाईल घरीच ठेव. पण तू तपास. मास्तरसारखी. पानाले दहा. खरे मार्क दे. मग सांगते. आकडे.

प्रांजली : मम्मी, यार. आता?

वसुंधरा : आता. पाचच्या आत.

दयाराम : सत्तेचाळीस पानं? पाऊण तासात?

वसुंधरा : सर दोन मिनिटात. तपासतात.

प्रांजली : लाल पेन नाही घरात.

दयाराम : आहे. माह्या बॅगेत. गैरहजेरी लावायचा. आता चेहऱ्यानं हजेरी लागते मशीनवर, पेन तसाच पडला आहे. घे. चालते का पाह्य.

प्रांजली : चालते. मम्मी, पाय थोडा सरकव, फाईल इथं ठेवते. पान एक. कडुनिंब. आठ.

वसुंधरा : दोन. कावून गेले?

प्रांजली : फुलाचं चित्र नाही.

वसुंधरा : जुलै होता. फूल नव्हतं.

प्रांजली : कारण नाही चालत परीक्षेत.

वसुंधरा : बरं.

प्रांजली : दोन, करंज. नऊ. तीन, गुळवेल. नऊ. चार, सदाफुली, दहा.

दयाराम : दहापैकी दहा कोणी देत नाही.

प्रांजली : पापा, मी तपासून राहिली ना? पाच, गुलमोहर. सात. पानाचे तुकडे झाले, चिपकवताना.

वसुंधरा : तुही मामी आली होती. त्या दिवशी. बोलत होती.

प्रांजली : बारा. सीताफळ. मम्मी, शिरा उलट्या काढल्या.

वसुंधरा : चष्मा नव्हता.

प्रांजली : पाच.

वसुंधरा : पाच?

प्रांजली : पाच. खरे दे म्हटलं ना तू.

वसुंधरा : हाव. दे पाच.

दयाराम : चार पस्तीस. गोळी घे वसू. तोंड उघड.

प्रांजली : एकवीस, घाणेरी, आठ. बावीस, रुई, नऊ. चिकाचं लिहलं आहे, डोळ्यात जाऊ देऊ नये. हे पुस्तकात नाही.

वसुंधरा : माह्या आजीचं.

प्रांजली : याचा एक जास्तीचा. दहा. एकतीस, तरोटा. बत्तीस, तुळस. मम्मी, तुळशीच्या पानाखाली तू नमस्कार लिहला आहे.

वसुंधरा : खोडला होता.

प्रांजली : दिसते तरी. नऊ.

दयाराम : चार अठ्ठेचाळीस.

प्रांजली : चाळीस. एकेचाळीस. बेल, नऊ. पळस, नऊ. इथून अक्षर बारीक झालं.

वसुंधरा : पानं संपत होती. वहीची.

प्रांजली : सेहेचाळीस, आघाडा, आठ. झालं. सांग आकडे.

वसुंधरा : सत्तेचाळीस. राहिलं.

प्रांजली : त्याले मी नाही देत मार्क.

वसुंधरा : मग मी बी नाही देत.

दयाराम : सात मिनिटं राहिली. दे ना बेटा काहीतरी.

प्रांजली : सत्तेचाळीस. बेशरम. पानाचा आकार बराबर आहे. देठ आहे. शिरा एका बाजूच्या आहेत. नाव, आयपोमिया. पुढचं नाही लिहलं. अन् रेघ.

वसुंधरा : रेघेचे. कापू नको.

प्रांजली : नाही कापले. अर्ध्या चित्राचे पाच.

वसुंधरा : बराबर आहे. एकूण किती?

प्रांजली : एकूण नंतर करते. ओटीपी नवीन पाठवला. आला?

वसुंधरा : आला. चार. शून्य. सात. सात. दोन. नऊ.

प्रांजली : चार शून्य सात सात दोन नऊ. झालं. लॉक झालं.

दयाराम : लेखी?

प्रांजली : लेखी. सोळा मेपासून.

वसुंधरा : खिचडी. गरम करून घे.

प्रांजली : घेते. पापा, पेन घ्या तुमचा. पापा?

दयाराम : ते पान मी आणलं होतं. बेशरमचं. एकवीस तारखेले, जेवायच्या सुटीत, नाल्यावर गाडी थांबवून.